घागरीच्या पाण्याची आंबील

एवढी वर्षं झाली तरी तुमचं एक वाक्य माझ्या मनात अडकलंय. खरं बोलला होता का माझी लाज राखली होती, ते न सांगताच देवाघरी निघून गेलात. सुनेला असं टांगून ठेवून जातं व्हय कुणी, आत्याबाई?

आठवण निघाली ती तुमच्या पणतीमुळं, माझ्या नातीमुळं. दिवाळीला आली ती बुरशीच्याच गोष्टी घेऊन. समुद्रात भिजून कुजलेल्या लाकडावर बुरशी धरते म्हणं, ती अंगातनं एक रस सोडते आणि त्या रसानं लाकूड पचवून खाते. एन्झाइम म्हणतात त्याला. पोरगी प्रयोगासाठी ती बुरशी खाऱ्या पाण्यात वाढवते आणि तिला तांबं चारते. तांबं जराएवढं असलं की रस जास्त सुटतो; जास्ती झालं की बुरशी रुसून बसते, वाढतबी न्हाय. घरातले सगळे माना डोलवत होते. माझ्या डोळ्यांपुढं माझी घागर आली.

निजाम गेल्यावर थोड्याच वर्षांनी मी भूमहून माकणीला तुमच्या घरात आले. आईनं तुळजापुरात घेतलेली तांब्याची घागर सोबत होती, आतनं कल्हई केलेली. येळवशीच्या अवसेला शेतात पूजेला आंबील न्यायची ती मातीच्या बिंदगीत, असा तुमचा रिवाज. मी अडून बसले, माझ्या आईच्या घागरीतनंच न्यायची. ती घागर कोपऱ्यात पडली तर ह्या घरात मलाबी जागा न्हाय, असं डोक्यात बसलं होतं. तुम्ही रागावला न्हाय. घागरीत हात घालून कल्हई कुठं उडालीय ते चाचपलं. मग तुम्ही आधीच भिजवून ठेवलेलं ज्वारीचं तेच पीठ, तेच ताक, बरंचसं बिंदगीत, थोडं घागरीत घातलं आणि म्हणालात, "भांडू नको. सकाळी बघ." सकाळी बिंदगीवर फेस दाटलाय, झाकण काढलं की आंबूस वास सुटतोय. घागरीतली निपचित पडलीय, कडेनं हिरवट, जिभेला लावली तर कळकलेली. घर जागं व्हायच्या आत तुम्ही ती उकिरड्यावर ओतली आणि घागर चिंचेनं घासून पाण्यानं भरून ठेवली. दुसरी सासू असती तर गावभर वाजवून आली असती.

शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसून सगळे आंबील पिताहेत आणि थोरल्या जाऊबाई म्हणतात, "भूमची घागर आली न्हाय व्हय? डोईला जड झाली?" माझी मान खाली. तुम्ही वाढता वाढता म्हणालात, "पीठ तिच्याच घागरीच्या पाण्यात भिजवलंय. म्हणून तर अशी आंबलीय. गप पी." त्या दिवसापासून घागर चुलीशेजारी राहिली, आणि मीबी.

पणतीला विचारलं, घागरीच्या पाण्यात उतरलेल्या जराशा तांब्यानं आंबील जास्ती आंबली असंल का. म्हणली, "आसंलबी आजी. पण माझी बुरशी समुद्रातली, आंबिलीतली निराळी. बघितल्याबिगर कशी सांगू?" बोलणं अगदी तुमचं.

हा कागद कुठं टपालात टाकायचा न्हाय, उशाखालीच राहील. एक कबूल करते. खरं-खोटं कळलं न्हाय, तरी दर येळवशीला मी त्याच घागरीच्या पाण्यात पीठ भिजवते, आणि सुनांनी विचारलं तर आत्याबाईंची रीत म्हणून सांगते. पोरीनं तिच्या बुरशीचं उत्तर द्यावं. माझ्या आंबिलीचं तिनं द्यायचं न्हाय. ते तुम्हीच द्यायचं.