गेणूकाकांचा टॉक्

सातपूर, नाशिक
८ जुलै २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आईमार्फत निरोप दिला की त्याला तिखटमीठ लागतं, म्हणून हे पत्र.

काम बरं आहे, माणसंच सोसत नाहीत. शेजारी बसणाऱ्या साधनाताई चहा सुर्रकन ओढतात, तेही चालवून घेते. पण माझ्या तपासणीच्या टेबलापासून चार पावलांवर गेणूकाका पत्र्यातून वॉशर कापणारा प्रेस चालवतात. पत्रा ठेवायचा, हात मागे घ्यायचा, जिभेनं टॉक् करायचं आणि मग पेडल दाबायचं. दिवसभर हेच. प्रेसच्या दणदणाटाचं मला काही वाटत नाही, हा टॉक् मात्र डोक्यात खिळा ठोकल्यासारखा बसतो. त्या नादात दोनदा खराब वॉशर माझ्या हातून पुढे गेले. तिसऱ्यांदा गेले तर घरी बसवतील. परवा बाथरूममध्ये जाऊन रडले. हसू नका, पण मला वेड लागतंय का?

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
संध्या

*

इगतपुरी
१५ जुलै २०२४

चि. संध्यास,
अनेक आशीर्वाद.

वेडबिड काही नाही. पाच वर्षांची असताना आत्या पापड खायला लागली की तू ताट उचलून ओट्यावर जायचीस. रेल्वेनं माझे कान खाल्ले, तुझे मात्र चांगले तिखट राहिले. आई म्हणते, सासरी कसं व्हायचं हिचं!

आता कामाचं. त्यांच्या तोंडावर काही बोलू नकोस, म्हातारी माणसं मनाला लावून घेतात. सुपरवायझरच्या कानावर घाल, तो बघून घेईल. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. उगाच कुढत बसू नकोस.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
बाबा

*

सातपूर
२७ जुलै २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. सोमवारी सुपरवायझर संतोषसरांना सांगितलं. त्यांनी गेणूकाकांना सगळ्यांसमोर दम दिला की तोंड बंद ठेवून काम करा, तक्रार आली आहे. माझं नाव घेतलं नाही. तीन दिवस टॉक् नव्हता. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

परवा, गुरुवारी दुपारी, गेणूकाकांचा हात प्रेसमध्ये गेला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

शेजारच्या प्रेसवरचा राजू म्हणाला की हात बाहेर आला की काका टॉक् करायचे आणि टॉक् झाला की मगच पाय दाबायचे. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला असलेली जाळी कामाला उशीर होतो म्हणून कधीच काढून टाकली होती. त्या एका आवाजावर तीस वर्षं त्यांचा हात शाबूत राहिला होता.

आता चौकशी आहे. संतोषसर म्हणतात की काकांचं लक्ष नव्हतं असं लिहून दे, नाहीतर तक्रार तुझीच होती हे विसरू नकोस. तसं लिहिलं तर सगळा दोष काकांवर जाईल आणि त्यांना हाकलून देतील. खरं लिहिलं तर माझी नोकरी जाईल. बाबा, मला जेवण जात नाही. मी काय करू?

संध्या

*

इगतपुरी
१ ऑगस्ट २०२४

चि. संध्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

आमच्या रेल्वेच्या गँगमध्ये मुकादमानं आवाज दिल्याशिवाय कुणी रुळाला पहार लावत नसे. आवाज चुकला की कुणाचा तरी पाय चिरडायचा. बत्तीस वर्षं मी त्या आवाजावर हात हलवले, आणि तुझं पहिलं पत्र वाचून मला ते आठवलंसुद्धा नाही. अर्धा दोष माझा आहे.

खरं तेच लिही. नोकरी गेली तर घर आहे, भात आहे. पण कागदाआधी त्या माणसाला भेट. तोंडावर बोलू नकोस असं मीच सांगितलं होतं. ते माझं चुकलं.

तुझ्या पाठीशी असलेला,
बाबा

*

सातपूर
७ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

जबाब दिला. जाळी काढलेली होती, तक्रार माझी होती, दम संतोषसरांनी दिला, सगळं लिहून सही केली. कालपासून मला गेटवरूनच परत पाठवतात. शनिवारी सामान घेऊन येते.

जबाब देण्याआधी दवाखान्यात गेले होते. काकांची बायको कुसाबाई त्यांना वरणभात भरवत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कुसाबाईंचा हात तसाच थांबला. काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणाले की आपण असा काही आवाज करतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दम बसल्यावर कळलं. मग सारखं ध्यान तोंडाकडंच राहायचं, हाताकडं राहायचं नाय.

मी निघताना काका म्हणाले की पोरी, मला सांगायचं होतंस, तुझं टेबल मी पल्याडच्या भिंतीला सरकवून दिलं असतं.

बाबा, ते टेबल पत्र्याचं, हलकं आहे. मला एकटीलाही उचलता आलं असतं.

तुमचीच,
संध्या