भात्यातला श्वास

मंगळवार, १४ मार्च

प्रिय ताई,

प्रभूच्या नावाने सलाम. भाऊजींची कंबर कशी आहे? माझ्या सांध्यांचं रडगाणं लिहीत नाही. रविवारी बोटं चालतात, तेवढं पुरे.

चर्चमधल्या ऑर्गनचं मात्र काहीतरी बिनसलंय. दुपारी मी एकटीच सरावाला बसते. गीत संपवून भात्यावरचे पाय काढले की आतून कुणी श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. लांब, घरघरता. मग खंड. मग पुन्हा. दुरुस्तीवाल्याने सगळा भाता खोलून पाहिला. "बाई, कुठे चीरसुद्धा नाही. पाय काढल्यावर हवा येणार कुठून?"

मग मी गीताला गीत जोडून वाजवू लागले. मध्ये शांतता नकोच. पाळकसाहेब म्हणाले, "हल्ली तुमची भक्ती फार वाढलीय." अंगावर काटा आला गं. आई गेल्यापासून सात वर्षांत मी एकदाही प्रार्थना केलेली नाही. डोळे मिटायचे, ओठ हलवायचे, झालं.

गेल्या गुरुवारी गुडघा आखडला आणि पाय थांबले. श्वास सुरू झाला. पळायला उठले, तेवढ्यात तो ओळखू आला. आईचा. शेवटच्या दुपारचा.

ताई, मी तुला सांगितलं होतं, तिचा हात माझ्या हातात होता. नव्हता. ती घरघर मला ऐकवेना. "सरावाला जाऊन येते," म्हणाले. "थोडं बस ना," ती म्हणाली. मी परत आले तेव्हा खोलीत काहीच आवाज नव्हता.

गुरुवारी मात्र मी पुन्हा खाली बसले. मोठ्याने म्हणाले, "प्रभू, मी पळाले." एवढीच प्रार्थना. श्वास इतका जवळ आला की मानेला ऊब लागली, आणि ती ऊब आईची नव्हती. ज्याच्यासमोर इतकी वर्षं नुसती वाजवत होते, तो तिथे होता. या वेळी उठून पळावंसं वाटेना.

आता रोज अर्धा तास पट्ट्यांना हात न लावता बसते. भीती गेलेली नाही. परवाच्या उपासनेत दोन गीतांमध्ये मी थांबले, तर अख्ख्या चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. त्यांनाही ऐकू आलं का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

हे पत्र प्रभूने लिहायला लावलं, असं म्हणून मी अंग काढून घेत नाही. खोटं माझं होतं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण आईला आठवशील तेव्हा खरं ते आठव.

तिला एकटीला सोडून गेलेली,
तुझी धाकटी