बाहेरची लेन

अण्णा, ट्रॅक पुन्हा मांडला आहे. बोरीवलीच्या या घरात जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं, तेव्हा कुठे तुमचं प्लायवूड बसलं. त्यावर तुम्ही ठोकलेला काळा ट्रॅक, ट्रॅकमधल्या दोन खाचा, खाचांतून विजेवर धावणाऱ्या दोन चिमुकल्या गाड्या, लाल माझी आणि पिवळी दादाची, सगळं जसंच्या तसं आहे. भांडुपची खोली रिकामी करताना दादाने ते गोणपाटात बांधून आणून दिलं. सोबत तुमची वहीही होती. ती मी आठवडाभर उघडली नाही. मला भीती वाटत होती, आणि या वयात एका वहीची भीती वाटते हे सांगणार कोणाला?

अंधेरीच्या कंपनीत तुम्ही स्टॉपवॉच घेऊन विजेची बटणं जोडणाऱ्या बायकांच्या मागे उभे राहायचात. एका बटणाला किती सेकंद लागतात ते मोजायचं, त्यावरून त्यांचं दिवसाचं काम ठरायचं. त्या तुम्हाला पाठीमागे सेकंदचोर म्हणायच्या. हे घरी तुम्हीच हसत हसत सांगितलं होतंत, पण त्या दिवशी तुम्ही धड जेवला नव्हतात. तिथल्याच एका साहेबाने, मुलं मोठी झाली म्हणून, हा खेळ तुम्हाला देऊन टाकला. रविवारची दुपार आहे, तेच घड्याळ घेऊन तुम्ही ट्रॅकपाशी उकिडवे बसला आहात, आम्ही पाळीपाळीने गाडी पळवतोय आणि तुम्ही प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहिताय. दादा मोठा, म्हणून आतली लेन त्याची. ती बदल म्हटलं की तो दिवसभर फुगून बसायचा. बाहेरची माझी. कधी तो जिंकायचा, कधी मी, आणि फरक नेहमी अगदी जरासा.

मग तो रविवार. मी चौदा वर्षांची. गाडी एकदाही खाचेतून उडाली नाही, इतकी सफाईदार फेरी मी कधीच मारली नव्हती. तुम्ही घड्याळाकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, ७.८ सेकंद. दादाचे ७.२ होते. मी गाडी पळवायचा हातातला कंट्रोलर आपटला. शेजारच्या काकी दारात उभ्या होत्या, आई भाकऱ्या थापत होती, आणि सगळ्यांदेखत मी म्हणाले, "कंपनीत बायकांची सेकंदं चोरता, तशी माझीपण चोरलीत." आईचा हात थांबला. तुम्ही मला एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं. तुम्ही घड्याळ माझ्यासमोर ठेवलंत आणि एवढंच म्हणालात, "बरा. आता तूच मोज गो." त्यानंतर चार वर्षं तुम्ही होतात, आणि घरात एकदाही ते घड्याळ हातात धरलं नाहीत. बाकी सगळं बोलायचो आपण. तेवढी माफी राहिली. आधी माझा ताठा होता, मग परीक्षा होत्या, मग तुम्हीच नव्हतात.

म्हणून हे यंत्र बसवलं. आयुष्यभर टेलिफोन दुरुस्त केले, सोल्डरिंग अजून हातात आहे. फेरी संपते त्या रेषेपाशी प्रत्येक खाचेत भोक पाडून खाली एकेक सेन्सर लावला. वरून गाडी गेली की त्याच्यावरचा उजेड तुटतो, फेरी मोजली जाते आणि वेळ लॅपटॉपवर उमटते. अंगठा नाही, डोळा नाही, कोणाची बाजू नाही. पहिल्या दिवशी गाड्या जागच्या हलल्या नव्हत्या आणि लॅपटॉपवर चाळीस फेऱ्या! कपाळावर हात मारला. ट्यूबलाइटच्या खाली फिरणाऱ्या पंख्याची सावली सेन्सरवर पडत होती आणि तो इमानेइतबारे पंखा मोजत होता. मग रेषेवर कमान उभी करून तिच्यात छोटे दिवे लावले. त्यानंतर पंखा कितीही फिरवला तरी एकही फेरी चुकली नाही. मी तीनदा तपासलं. यंत्र सज्ज झालं तरी दोन दिवस मी गाडी लावली नाही. तुम्ही चोर ठरायला हवे होतात की मी खोटी, हेच मला ठरवता येत नव्हतं.

शेवटी वही उघडली. आधी आतली लेन. पिवळी गाडी ७.२, ७.३. वहीत दादाचे आकडे हेच होते, म्हणजे मोटर अजून तशीच पळत होती. मग लाल गाडी बाहेरच्या लेनवर लावली. ७.८. पुन्हा ७.८. घामाने कंट्रोलरचा खटका निसटायला लागला, तरी पळवत राहिले, ७.७ च्या खाली ती एकदाही आली नाही. बाहेरचं वळण लांब पडतं, दुसरं काही नाही. आणि वहीत, पानामागून पान, माझ्या नावापुढे ७.२, ७.१, ७.३. त्या गाडीला त्या लेनवर कधीच जमणार नाहीत असे आकडे, तुमच्या अक्षरात. फक्त शेवटच्या रविवारी ७.८.

दादाला बोलावून घेतलं. त्याने चहा संपेपर्यंत वहीकडे पाहिलंच नाही. मग म्हणाला, "मला माहीत होतं गं. तुझी गाडी सुटली की ते घड्याळ जरा उशिरा सुरू करायचे."

"आणि त्या रविवारी?"

"त्या दिवशी सकाळी मीच भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, एकदा तरी खरं मोजा. तर मोजलं त्यांनी."

इतकी वर्षं बोलला का नाहीस, हे मी विचारलं नाही. त्याचा चेहरा बघूनच विचारवेना. अण्णा, एका दिवशी तुम्ही खरं मोजलंत आणि त्याच दिवशी मी तुम्हाला चोर म्हटलं. बायका म्हणायच्या ते तुम्ही घरी हसण्यावारी नेलंत, आणि तेच मी घरात तुमच्या तोंडावर फेकलं. मला माफ करा. हे तीन शब्द लिहायला मला पहाटेपासून दुपार झाली.

हे पत्र वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवते आहे. एक तेवढं सांगायचं राहिलं. जाण्याआधी दादा म्हणाला, आज बाहेरची लेन मला दे. हल्ली त्याचा हात थोडा कापतो. तो ७.९ ला आला, मी ७.३ ला. तो त्या आकड्याकडे बघत बसला. मी म्हटलं, "सेन्सर अजून नीट बसला नाहीये रे. पंख्याची सावली मोजतो मधेच." तो मान डोलवून म्हणाला, "असेल." पंखा बंद होता, अण्णा, आणि ते त्यालाही दिसत होतं.