मागची खोली आणि कलम सहा

दिनांक ९ ऑक्टोबर

या वहीत सात महिने एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी असावी. कुणाची मागते आहे, ते ठाऊक नाही.

परवा माझी शस्त्रक्रिया आहे. म्हणून मी, वय वर्षे सेहेचाळीस, अविवाहित, वजनकाटे तपासण्याचा व दुरुस्तीचा व्यवसाय, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणीही भरीला न घालता लिहीत आहे. भीती वाटते का, हे तपासून पाहिलं. काही वाटत नाही. ही कच्ची प्रत आहे. नावं-पत्ते पक्क्या प्रतीत येतील.

१. घराच्या पुढच्या दोन खोल्या माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. गावातच त्याचं दुकान आहे, पण बारा वर्षांत तो इथे आलेला नाही. विकल्या तरी हरकत नाही.

२. मागची खोली, जिथे काटे तपासले जातात, ती दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला. अट अशी: बाहेरून आलेली वजनं तिथे चार तास तशीच ठेवावीत, कारण गरम वजन हलकं भरतं. आणि तपासणाऱ्याने काट्याला हात लावण्याआधी अर्धा तास एकटं, न बोलता बसावं. हा बाबांचा नियम. भाची माझ्याकडे काम शिकायला येऊ लागली, पहिल्यांदा बसली तेव्हा दहाव्या मिनिटाला म्हणाली, "आत्या, कंटाळ्याने जीव जाईल गं माझा." तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "आईवर चिडले होते ना, त्यात चूक माझीच होती." मी काहीच शिकवलं नव्हतं.

३. प्रमाण वजनांचा संच तंत्रशाळेला. वजनं उचलायचा चिमटा भाचीला, पण त्याने भुवया कोरू नयेत. मी पाहिलं आहे.

४. बँकेतल्या पैशांतून आधी हॉस्पिटलचं बिल भागवावं, उरेल ते भाचीच्या शिक्षणाला.

५. समोरचे चष्मेवाले अकरा वर्षं रोज माझ्या खिडकीखाली मोठ्याने वर्तमानपत्र वाचत आले आहेत. त्यांना माफ केलं आहे. नाइलाज होता, साक्षीदार दुसरा मिळेना.

६. बारा वर्षांपूर्वी औषधाच्या दुकानाचा एक काटा मी चुकीचा लावून दिला. गाडीतून उतरवलेली वजनं तापलेली होती, ती थंड होऊ दिली नाहीत. तीन आठवडे औषधाच्या पुड्या कमी वजनाच्या गेल्या. कुणी दगावलं नाही. हे वाक्य मी या वहीत पुष्कळदा लिहिलं आहे. बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "दादाने घाई केली." बाबा त्याला म्हणाले, "उद्यापासून कामावर येऊ नकोस." दादाने माझ्याकडे पाहिलं, डबा उचलला आणि गेला.

मी खोटं बोलत नव्हते, असं मला वाटत होतं. त्या दिवसाच्या पानावरही तेच लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात. रोजच्या त्या अर्ध्या तासात "आटप, उशीर होतोय" हे शब्द मला दादाच्या आवाजात ऐकू येत. त्या घटनेनंतर नवव्या वर्षी एका दुपारी लक्षात आलं की तो आवाज माझा आहे. मला मैत्रिणीच्या निरोपसमारंभाला जायचं होतं. दादा म्हणाला होता, "अगं, वजनं निवू दे की जरा." मी म्हणाले, "मला शिकवू नकोस." हे कळलं तेव्हा बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतरची तीन वर्षं मी गप्प राहिले, त्याला मात्र सबब नाही. दोष पूर्णपणे माझा आहे, हे दादाला कळवावं.

इथवर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं. शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंनी चष्मा काढला.

"हे त्याला कळणार कधी?"

"मी गेल्यावर."

"मग त्याने भांडायचं कुणाशी? तुझ्या फोटोशी?"

"मला वाटलं नुसती सही करायची आहे," चष्मेवाले म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. अगं, एवढी वर्षं एकटी बसून खरं काय ते शोधलंस. आणि सांगायची वेळ आली तर मरणाआड लपतेस?"

मला राग आला नाही. हल्ली येत नाही. एकांतात मला जे कळलं ते खरं होतं. ते दाराबाहेर न्यायचं काम खोली करणार नव्हती. कलम सहावर मी रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. बाकीची पाच कलमं कायम.

साक्षीदार : १. शिवणकामवाल्या काकू (सही)
२. चष्मेवाले (सही, आधी पूर्ण मजकूर पुन्हा मोठ्याने वाचून)

लिहून देणार : (सही)
स्थळ : राहतं घर, मागची खोली
दिनांक : वरीलप्रमाणे

उद्याचं काम : सकाळी दादाच्या दुकानात जाऊन कलम सहा त्याच्या तोंडावर सांगणे.