हाडाचा सुतार

३ जानेवारी

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोने सगळं कळवलं. पटाशी नडगीवर पडून दोन महिने झाले, तरी जखम वरून मिटते आणि पुन्हा वाहू लागते. संध्याकाळी कणकण असते, रक्तात साखर तर आधीपासून मुक्कामाला आहेच. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणे तू सांगतोस, मी हाडाचा सुतार, ओरखड्याने काय होतंय! अरे, हाडाचीच तर काळजी वाटते. उत्तर धाड, सबबी नकोत.

तुझी ताई

१० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

राईचा पर्वत करण्यात तुझ्या भावजयीचा हात कुणी धरणार नाही. पहिल्याच आठवड्यात एक्स-रे काढला होता, हाड शाबूत निघालं. आता मलम लावून पट्टी बांधतो, वरून छान दिसतं. आतून ठणकतं खरं, पण ते थंडीचं. आणि डॉक्टर एकदम पाय कापा म्हणाला तर? उभं राहिल्याशिवाय रंधा चालत नाही, ताई.

लोभ आहे तेवढा ठेव, उपदेश जरा कमी कर.

बाळू

१६ जानेवारी

चि. बाळूस आशीर्वाद, आणि कानउघाडणी.

माझ्या दाराची चौकट आठवते? रंग धड होता. तू टकटक केलंस, पोकळ आवाज आला, आणि वाळवीवर लांबी भरून रंग फासणाऱ्या त्या सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. पायाला तू आता तेच करतोयस. शेजारची नर्स म्हणते, हाडातला जंतुसंसर्ग सुरुवातीच्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. रक्त तपासावं लागतं, एमआरआय करावा लागतो. पाय जायची भीती वाटते ना, मग आत्ताच जा. मला तू दोन पायांवर हवा आहेस. रडत लिहिते आहे, अक्षर समजून घे.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

दवाखान्यातून लिहितोय. एमआरआयमध्ये हाड आतून सडलेलं दिसलं. तुकडा तपासून जंतू ओळखला, त्याचं औषध आता बरेच आठवडे चालेल. मेलेला भाग मात्र काढावा लागला. हत्यारं दाखवा म्हणून मी हटून बसलो, तेव्हा डॉक्टरांनी लांबूनच दाखवली. ताई, पटाशी आणि हातोडी! सडलं होतं तेवढंच त्यांनी खरवडलं, चांगल्याला धक्का लावला नाही. मी लाकडाला हेच करतो, फक्त वेळेवर करतो.

फार घाबरलो होतो गं. भूल उतरल्यावर आधी पांघरूण उचलून पाहिलं. दोन्ही होते.

तुझी भावजय आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, हाडाचे सुतार ते डॉक्टर, आमचे हे उगाच मिरवत होते.

पाय राहिला, तसाच लोभही राहू दे.

तुझा,
नुसता लाकडाचा, बाळू