तेराव्या दिवशी वनमालेने उभ्याने वाचावयाचा कागद

मी, सत्यशीला मुंजाजी डोईफोडे, वय त्रेपन्न, अविवाहित, व्यवसाय माध्यमिक शाळेत संस्कृताचे अध्यापन, राहणार नेकनूर, तालुका व जिल्हा बीड, देहाने जीर्ण, बुद्धीने शाबूत आणि स्वभावाने पूर्ववत असताना, कोणाच्याही दडपणाविना हा लेख लिहीत आहे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी माझ्या यकृताविषयी जे सांगितले ते पाहता येता चैत्र माझ्याविना उजाडेल. बुद्धीच्या शाबुतीचा वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. कारण माझे कनिष्ठ बंधू, माजी सरपंच बबनराव, "टीव्ही बघून बघून आक्काचं डोकं फिरलं हाय" असे म्हणणार, हे मी जाणते. ते आत्ताच मनात म्हणाले.

'आत्ता' हा शब्द विचारपूर्वक योजला आहे. हा लेख माझ्या तेराव्या दिवशी, जेवणापूर्वी, जमलेल्या आप्तांसमोर बबनरावांच्या पत्नी सौ. वनमाला यांनी उभे राहून मोठ्याने वाचावयाचा आहे. तोवर तो सीलबंद राहील आणि त्या दिवशी माझे सहशिक्षक परमेश्वर शेळके तो तिच्या हाती देतील; त्यांनाच मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. वनमालेने यातील अक्षरही आधी पाहिलेले नाही. तिचा आवाज अडखळल्यास सरांनी तिला पाणी देऊ नये, कागद दुसऱ्या कोणी घेऊ नये. थांबावे. वरण निवले तरी चालेल. मला त्यातले काही खावयाचे नाही.

कलम पहिले : देह. अग्निसंस्कार रीतीप्रमाणे व्हावा. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागणारच, तो रोखण्याचे सामर्थ्य मृतांना नाही. तथापि त्यावरील बबनरावांचे हात जोडलेले छायाचित्र माझ्या छायाचित्राहून मोठे असू नये. माझ्या सेवेला पंचवीस वर्षे झाली तेव्हा लावलेल्या फ्लेक्सवर मी उजव्या कोपऱ्यात, युवा नेत्यांच्या खाली, तिकिटाएवढी होते, आणि तिथेही माझे नाव 'सत्वशीला' असे छापले होते.

कलम दुसरे : घर. शाळेमागचे माझे दोन खोल्यांचे स्वकष्टार्जित घर माझी भाची कु. मोहिनी बबनराव हिला देते. एक विनंती आहे, अट नव्हे. तिला मागणी घालणाऱ्या मुलाने ती तिलाच घालावी, तिच्या मामाला, बापाला किंवा पक्षाच्या तालुकाध्यक्षाला नव्हे. त्याने तोंडातला गुटखा आधी थुंकून यावे.

कलम तिसरे : दूरदर्शन संच, त्याचा रिमोट आणि तत्संबंधी कबुलीजबाब. बबनराव अकरा वर्षे गावात अभिमानाने सांगत आले की, "आमची आक्का दर शनिवारी पोथी लावती, आमची मालकीण ऐकायला जाती." त्या प्रतिष्ठेचा मी आज अंत करीत आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्या घरी पोथी नव्हती. विलायतेतील दोनशे वर्षांपूर्वीच्या प्रणयकथांची चित्रमालिका होती. मी इंग्रजी ऐकून मराठीत सांगत असे आणि वनमाला शेंगा निवडत ऐकत असे.

या मालिकांनी मला जे दिले ते माझ्या व्यवसायातील कोणत्याही महाकाव्याने दिले नाही, हे मी मरणोन्मुख अवस्थेत, म्हणजे खोटे बोलण्याचा लाभ नसताना, नमूद करते. तेथे पुरुष खोलीत आला की स्त्रीसाठी उठून उभा राहतो. तीन तास एकमेकांकडे पाहून झाल्यावर गाडीत चढताना तिचा हात एकदा धरतो, आणि तेवढ्या हातावर पुढचे दोन भाग चालतात. पाऊस आला की नायिका भिजते, भिजली की तापाने फणफणते, आणि तिच्या तापाने अर्धा परगणा चिंताक्रांत होतो. आमच्या जिल्ह्यात पर्जन्याअभावी नायिकांना आजारी पडण्याचीही सोय नाही. पहाटेच्या धुक्यातून रानातून एकटा चालत येणारा, गळ्याशी सदरा उघडा असलेला पुरुष तेथे प्रेमाची कबुली देण्यास येतो. आमच्याकडे त्या वेळी रानातून एकटा येणारा पुरुष वेगळे कार्य उरकून येतो आणि हाती टमरेल असते. असे असूनही मी दर वेळी त्या धुक्याकडे डोळे लावून बसले, आणि दर वेळी तो आला. पन्नाशीच्या स्त्रीला विश्वासार्ह पुरुष किती भेटतात?

वनमालेची समीक्षा माझ्याहून प्रखर होती. बापाला मुलगा नाही म्हणून पाच मुलींचे घर कुठल्याशा चुलतभावाला जाणार, हे मी समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग यात विलायत कुठं हाय आक्का? हे तर आपल्याच गल्लीतलं हाय. निस्ती माणसं गोरी घेतल्यात." शेजारच्या चतुराबाई एकदा पोथी समजून नारळ घेऊन आल्या. त्यांनी तो टीव्हीपुढे वाढवला, हात जोडले आणि समोर चाललेला विवाह पाहून विचारले, "नवरीनं पांढरं कावून घातलं? कोन मेलं त्यांच्यातलं?" वनमाला म्हणाली, "अजून कोन न्हाई. लगीन तर लागू द्या." त्या दिवशी आम्ही दोघी जेवढ्या हसलो तेवढे त्या घरात पुन्हा कोणी हसले नाही.

संच बबनरावांना देते. रिमोट वनमालेला.

बीडच्या बँडवाल्यांना गणवेश पुरवणाऱ्या दुकानातून आणलेले पांढरे हातमोजे, दोन जोड, जे घालून आम्ही शनिवारी चहा पीत असू, ते मोहिनीला. वनमालेच्या जोडीवर चहाचे डाग आहेत, कारण ती मोजे घालूनही बशीतच ओतत असे.

कलम चौथे : शिवशंकर. वनमाले, इथून पुढे सावकाश वाच.

सन १९९९ मध्ये अंबाजोगाईच्या महाविद्यालयात शिवशंकर नावाचे ग्रंथपाल होते. मी तेथे बहिःस्थ पदव्युत्तर परीक्षेसाठी जात असे. त्यांनी मला दुर्मीळ कोश घरी नेऊ दिला. नियमाप्रमाणे तो नेता येत नव्हता. याहून अधिक काही घडले नाही, आणि मालिका पाहणाऱ्यास कळेल की याहून अधिक काही लागत नाही. पुढे ते अकस्मात बोलेनासे झाले आणि आठ महिन्यांत त्यांनी परळीच्या मुलीशी विवाह केला. मी माझा चेहरा, उंची, जीभ या क्रमाने दोषी धरली. वीस वर्षे धरली.

सहा वर्षांपूर्वी, एका शनिवारी, पडद्यावरील बाईला तिचे पत्र मिळाले नव्हते. वनमालेने विचारले, "तिला कागद गेलाच न्हाई का?"

मी म्हणाले, "नाही. घरातल्याच कोणी दाबला."

तिच्या हातातील शेंगा थांबल्या. "आक्का, मला बी एक कागद आलता हातात. तुमच्या नावाचा. मी नवीन होते तवा. पोस्टमननं दिलता."

"मग?"

"फोडून वाचला मी. बेस्तरवारी सकाळी अंबाजोगाईच्या स्टँडावर वाट बघतो, तुमचं हो-न्हाई तुमच्या तोंडून ऐकायचंय, असं होतं त्यात. ह्यांना दिला."

"मग?"

"मग बेस्तरवारी ह्ये गेलते."

मी रिमोट उचलला आणि चित्र पुढे चालू केले. त्या बाईचे पुढे काय झाले ते पाहणे अगत्याचे होते. वनमाला रडली, मी तिला संवाद सांगत राहिले, एकही वाक्य गाळले नाही. पुढच्या शनिवारीही ती आली, त्याच्या पुढच्याही. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. तिला वाटले, आक्का विसरली. मी शिक्षिका आहे, वनमाले. मी गैरहजेरीसुद्धा विसरत नाही.

श्री. शिवशंकर यांना या मृत्युपत्राने काहीही देत नाही. वनमालेने त्या शनिवारी रडत सांगितले त्याप्रमाणे, स्टँडावर त्यांना एक बावीस वर्षांचा मनुष्य भेटला, 'आक्काचं जमलंय, तिनंच पाठवलंय मला' एवढे म्हणाला, आणि हे गृहस्थ आल्या पावली परतले. मालिकेतील पुरुष अशा प्रसंगी घोडा काढतो. अंबाजोगाई ते नेकनूर दिवसाला डझनभर गाड्या होत्या आणि सगळ्या माझ्या दारावरून जात. हल्लीच ते रुग्णालयाच्या रांगेत दिसले. माझ्यापुढे उभे होते. मागे वळून पाहिले नाही. ती सवय त्यांना तेव्हाही नव्हती.

कलम पाचवे : बबनराव. बंधू, तुम्हाला संच मिळाला आहेच. शिवाय माझा दोन खंडांचा संस्कृत कोश देते, म्हणजे याच कलमातील विशेषणे कळण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागणार नाही. तुम्ही कृतक, दांभिक आणि परोत्कर्षासहिष्णु आहात. तुमचे बालपण मी कडेवर वाहिले आहे, म्हणून 'मूर्ख' हा शब्द मी पुढील कलमापर्यंत राखून ठेवते.

कलम सहावे : शेतजमीन. वडील कै. मुंजाजी यांच्या पश्चात नऊ एकर जमिनीला आम्ही दोघेच वारस. भावाने बहिणीला साडी नेसवावी, पुरणपोळी वाढावी आणि जेवणाअगोदर हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यावी, ही आमच्याकडील रीत आहे. सही न करणाऱ्या बहिणीचे माहेर बंद होते. बबनरावांनी सन २००५ मध्ये ही रीत पार पाडली. कार्य शुभ मुहूर्तावर व्हावे म्हणून त्यांनी गुढीपाडवा निवडला. मुहूर्त निर्दोष होता. फक्त पाडव्याला नोंदणी कार्यालय बंद असते. तेव्हा त्यांनी घरीच पाच पंचांसमोर मुद्रांकावर सही घेतली, "नोंदणीचं बघू उद्या" म्हणाले, आणि तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. त्यास हळदकुंकू वाहिले. तो उद्या वीस वर्षांत उजाडला नाही. नोंदणी न झालेला हक्कसोड कायद्याने कागदाचा तुकडा आहे. सातबाऱ्यावर माझे नाव आजही आहे. मागच्या आठवड्यात मोबाइलवर उतारा काढून पाहिले. पाडव्याला सरकारी कार्यालय उघडे असते असे मानणाऱ्या माजी सरपंचास मूर्ख म्हणतात.

सबब माझा निम्मा हिस्सा, म्हणजे साडेचार एकर, आणि विहिरीतील निम्मा हक्क, मी सौ. वनमाला बबनराव डोईफोडे हिला देते. तिच्या एकटीच्या नावे.

कोणी यास क्षमा समजू नये. मी वनमालेला क्षमा केलेली नाही. जमीन दिली आहे. या दोन स्वतंत्र बाबी आहेत. त्या दिवशी तिच्या हातात एक कागद होता, आणि तो नवऱ्याला द्यावा की ज्याचा त्याला, हे तिने एकटीने ठरवले. वय वीस होते, घर नवे होते, भीती असणार. हे सर्व मी गृहीत धरले आणि तरीही मला राग आहे. तिने मला फसवले आणि मग अकरा वर्षे माझ्याशेजारी बसून मला आयुष्यातले सर्वांत सुखाचे शनिवार दिले. यांतील कोणते अधिक जड, हे मला ठरवता आले नाही. म्हणून ते तिला ठरवावे लागेल, सर्वांच्या देखत, उभ्याने.

कलम सातवे व अखेरचे. वनमाले, आता वर बघू नकोस. ते तुझ्याकडे कसे बघत आहेत ते तुला न बघताही माहीत आहे.

हा हिस्सा नको असेल तर इथेच थांब आणि कागद बबनरावांच्या हाती दे. तुझ्या नकाराने तो हिस्सा त्यांना जाईल, कोणी कोर्टात जाणार नाही, आणि उद्या सकाळी तुझ्या घरात काहीही बदललेले नसेल. घेतलास तर रात्रीचे जेवणही सुखाचे होणार नाही, आणि त्याच्या पुढचीही कित्येक. यांपैकी काहीही कमी करून सांगण्याचा माझा विचार नाही.

घ्यायचा असेल तर पुढची ओळ वाच. ती तुझ्या बोलीत लिहिली आहे, म्हणजे मी सांगितलेली वाटणार नाही. परमेश्वर सर, तिने वाचल्याची वेळ टिपून घ्या. वाचली नाही तर तेही टिपून घ्या.

"माज्या नावचं वावर मला पायजे. मी कुनालाच देनार न्हाई."

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, वाचला आणि त्यातला एकही शब्द सौम्य केला नाही. खालील दोघांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर केल्या.

लिहून ठेवणार : सत्यशीला मुंजाजी डोईफोडे (सही)

साक्षीदार :
१. परमेश्वर लिंबाजी शेळके, गणित शिक्षक, राहणार नेकनूर (सही)
२. बबिता सुग्रीव वाघमारे, परिचारिका, राहणार अंबाजोगाई (सही)

स्थळ : नेकनूर, जिल्हा बीड
दिनांक : १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार