ज्या गाडीला मी ‘घे’ म्हणालो

प्रिय दादा,

मंगळवारी तुझी गाडी पाहिली.

तुझीच! आता ती लाल नाही, करड्या रंगात रंगवली आहे. पण नंबर तोच, दोन दारं तीच, मागचा तो बसका डौल तोच. वर्धा रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या एका यार्डात धुऊन-पुसून विकायला उभी होती. तू गेल्याला तीन वर्षं झाली. मला वाटत होतं, ती केव्हाच भंगारात कापली गेली असेल. कापायलाच हवी होती.

तेव्हापासून हात कामाला लागत नाही. आज दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि भरदुपारी तुला लिहायला बसलो. हसू नकोस. जन्मभर आपण ‘काय बे’, ‘काय गा’ करत बोललो, आणि पत्र मात्र पुस्तकी भाषेत लिहितोय. खापरखेड्याच्या शाळेत बाईंनी हातावर पट्टी मारून शिकवलेलं अजून जात नाही.

तुला आठवतं, कॉलनीत सकाळी सगळ्यावर राख बसलेली असायची? बाबांच्या सायकलच्या सीटवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या चादरींवर. आई वीजकेंद्राच्या नावानं बोटं मोडायची आणि तू त्याच राखेत बोटानं गाड्या काढायचास. लांब नाकाच्या, जमिनीला टेकलेल्या, दोन दारांच्या. मी म्हणायचो, “चार दारं काढ ना, आई-बाबा कुठं बसतीन?” तू म्हणायचास, “हे गाडी पळाची आहे, बसाची नाही.”

पुढं तू इंजिनिअर झालास, ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचा कारखाना टाकलास. मी जरीपटक्यात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान टाकलं. पन्नाशी उलटल्यावर एका सकाळी तुझा फोन आला.

“दिल्या, गाडी पाह्यली एक. सेकंडहँड आहे, पण मख्खन. तू ये फक्त. तुझी नजर पायजे.”

मी दुकान बंद करून आलो, दादा. तुला माझी नजर हवी होती, याचा मला किती आनंद झाला होता, हे तुला कधी सांगितलं नाही.

कामठी रोडच्या त्या यार्डात ती उभी होती. लालभडक. तू तिच्याभोवती फेऱ्या मारत होतास, लग्नाच्या मांडवात नवरदेव उगाच इकडून तिकडे फिरतो तसा. मालकानं इंजिन सुरू केलं तेव्हा तो आवाज माझ्याही पोटात उतरला. खोटं कशाला सांगू? तसली गाडी मीही आयुष्यात इतक्या जवळून पाहिली नव्हती.

मालकानं माझ्याकडे पाहून विचारलं, “ये कौन?”

आणि तू हसत म्हणालास, “भाई है मेरा. पत्रे ठोकता है.”

एवढंच. तू गमतीत म्हणालास. मालक हसला, तूही हसलास, मीही हसलो. मग मी गाडी पाहू लागलो.

मागच्या पत्र्यावर बोटाची टिचकी मारली, तर आवाज भद्द आला. नुसता पत्रा असा बोलत नाही, पोचे बुजवायला रंगाखाली पुट्टी भरलेली असली की बोलतो. डिकी उघडून गालिचा उचलला. खाली हातानं केलेल्या वेल्डिंगची रेघ होती. कंपनीची वेल्डिंग म्हणजे सारख्या अंतरावर टिपके असतात. ही लांबच लांब होती, वाकडी, आणि डाव्या टोकाला बोराएवढी गाठ. गाडी मागून जबर ठोकलेली होती. मग मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. स्टिअरिंगच्या मधलं झाकण, ज्याच्या आत एअरबॅग असते, ते बाकीच्या चाकापेक्षा किंचित जास्त काळं होतं. कडेला चिकटवल्याची बारीक रेघ. म्हणजे पुढूनही कधीतरी आपटलेली. आत एअरबॅग असेल किंवा नसेल. उघडल्याशिवाय सांगता येत नाही, पण उघडून पाहा, एवढं सांगता येतं.

मी डिकीचा गालिचा परत नीट अंथरला. डिकी बंद केली.

“काय म्हणतं गा?” तू विचारलंस.

आणि मी म्हणालो, “घे.”

तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुझा आनंद पाहून जीभ रेटली नाही. ते खोटं आहे. जीभ रेटली नाही, कारण त्या क्षणी मला वाटलं, पत्रे ठोकणाऱ्याला विचारतोस कशाला? घे ना. कळेल तुझं तुला. वाटलं होतं, फार तर खर्चात पडशील, यार्डात चकरा मारशील, मग माझ्याच दुकानात आणशील आणि म्हणशील, दिल्या, तूच पाह्य. मरशील असं नव्हतं वाटलं, दादा! देवाशप्पथ नव्हतं.

पुढचे अकरा महिने तू किती खूश होतास. रविवारी सकाळी तर्री-पोहे खायला ती गाडी घेऊन यायचास आणि टपरीवरची सगळी माणसं ताट हातात घेऊन गाडीभोवती उभी राहायची. मला म्हणायचास, “बस ना बे, एक चक्कर मारू.” मी कधीच बसलो नाही. कधी पाठदुखी, कधी गिऱ्हाईक. तुला एकदाही शंका आली नाही का? तुझ्या जागी मी असतो तर कॉलर धरून विचारलं असतं, काहून बसत नाहीस?

त्या रविवारी तू एकटाच पेंचकडे निघालास. पारशिवनीच्या अलीकडे नाल्यावरचा पूल. सकाळचे साडेसात, स्वच्छ ऊन. बकऱ्या आडव्या आल्या, असं शेतातला माणूस म्हणाला. तू बकऱ्यांना वाचवलंस. गाडी कठड्यावर गेली. पोलिसांनी लिहिलं, भरधाव वेग. तो शेतकरी मात्र मला म्हणाला, “लय जोरात नोहती साहेब. माणूस वाचाले पायजे होता.”

ठाण्याच्या आवारात गाडी पाहायला मी एकटा गेलो होतो. स्टिअरिंगवरचं झाकण तुटून लोंबत होतं. आत एअरबॅग नव्हती. जुन्या कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या. निळ्या चौकड्यांच्या. मी बराच वेळ त्या चिंध्या पाहत उभा राहिलो आणि मग घरी आलो. कोणाला काही बोललो नाही.

तेराव्याला वहिनीनं विचारलं, “भाऊजी, तुम्ही पाह्यली होती ना गाडी? चांगली होती ना?”

मी म्हणालो, “हो वहिनी.”

ते ‘हो’ माझ्या मागे लागलं, दादा. निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून कोणी दुकानात आला की माझी मान खाली जाते. पत्र्यावर टिचकी मारतो तेव्हा आधी तो भद्द आवाज येतो, मग पत्र्याचा खरा आवाज. स्वयंपाकघरात डबा ठेवताना तोच आवाज, जिन्याच्या कठड्याला हात लागला की तोच आवाज. गिऱ्हाइकाच्या गाडीत बसलो की बाजूच्या सीटवर तू असतोस. माझ्या तोंडाकडे बघतोस. मी खाली उतरून दार उघडं ठेवतो, आणि गिऱ्हाईक विचारतं, कोणी यायचं आहे का?

मंगळवारी एका डॉक्टर मॅडमचा फोन आला. मोठ्या दवाखान्यात भूल देण्याचं काम करतात, मागे त्यांच्या साध्या गाडीचा दरवाजा मी बसवून दिला होता. म्हणाल्या, “दिलीपभाऊ, मी एक स्पोर्ट्स कार घेते आहे. जुनी आहे. लहानपणापासूनचं वेड आहे हो. तुमची नजर हवी.”

नजर हवी! तुझाच शब्द. मी नाही म्हणणार होतो. कोण जाणे का, गेलो.

रंग बदललेला, म्हणून आधी ओळखली नाही. मग नंबर वाचला. तरी मनाला म्हटलं, चुकतोयस. डिकी उघडली, गालिचा उचलला. तीच वाकडी रेघ, डाव्या टोकाला तीच गाठ. तेवढ्यात यार्डवाल्यानं मॅडमना हौसेनं दाखवायला म्हणून गाडी सुरू केली. डॅशबोर्डवरचा स्क्रीन उजळला. जोडलेल्या फोनची यादी आली. पहिलं एक अनोळखी नाव, आणि त्याच्या खाली तुझं, ‘विनोद’. त्यापुढे एक लहानसं चक्र फिरत होतं आणि लिहिलं होतं, शोधत आहे.

गाडी तुला शोधत होती, दादा. भर उन्हात, चार माणसांसमोर. आणि मी डिकीला धरून उभा होतो.

“कसं आहे?” मॅडमनी विचारलं.

मी यार्डवाल्याला म्हणालो, “स्टिअरिंगचं झाकण खोला.”

“काहून?”

“आत एअरबॅग आहे का पाह्यचं आहे.”

“अरे भाऊ, सील तुटंन ना! असं कोणी खोलते का? तुमी डेंटर माणूस, पत्रा पाहा न तुमी.”

पुन्हा तेच, बघ. पत्रा पाहा. पण या वेळी मी हसलो नाही. मॅडमकडे वळलो आणि सगळं सांगितलं. मागून ठोकली आहे, पुढून दोनदा ठोकली आहे, पुट्टी कुठं आहे, वेल्डिंग कुठं आहे. यार्डवाला अंगावर आला. म्हणाला, धंद्यावर लाथ मारून राहिला, कोणाचा माणूस आहेस? मॅडम शांतपणे म्हणाल्या, “झाकण उघडा. नाहीतर मी निघाले.”

त्यानं उघडलं नाही. त्या निघाल्या.

फाटकाबाहेर त्यांनी मला विचारलं, “पुढून दोनदा, हे इतकं नक्की कसं सांगितलंत?”

“दुसऱ्यांदा ठोकली तेव्हा आत माझा दादा होता,” मी म्हणालो. आणि रस्त्याच्या कडेला खाली बसलो. त्यांनी पाण्याची बाटली दिली. मग मी त्यांना पहिल्या दिवसाचंही सांगितलं, ते ‘घे’सुद्धा. परक्या बाईला! त्यांनी ऐकून घेतलं. धीर दिला नाही, दोषही दिला नाही. म्हणाल्या, “हे मला लिहून, सही करून द्या. मी आरटीओत तक्रार देते. नाहीतर उद्या ती दुसरं कोणीतरी घेईल.” मी त्यांच्या गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून लिहून दिलं. कागद घडी करताना त्यांनी विचारलं, “घरी माहीत आहे?”

मी नकारार्थी मान हलवली.

बुधवारी वहिनीकडे गेलो. शाळेतून नुकतीच आली होती, टेबलावर पोरांच्या वह्यांचा ढीग, हातात लाल पेन. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. वेल्डिंग, झाकण, चिंध्या, तेराव्याचं ‘हो’. ती वहीवर नजर ठेवून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं पेनाला टोपण लावलं.

“यायले समजलं होतं, भाऊजी,” ती तुझ्या फोटोकडे पाहत म्हणाली.

“काय?”

“गाडी आणली त्याच दिवशी मले म्हणाले, दिल्यानं डिकी बंद केली तवा त्याचं तोंड उतरलं होतं. काहीतरी पाह्यलं त्यानं. मी म्हटलं, मंग घेतली काहून? तर म्हणाले, जिवावरचं असतं तर दिल्या बोलला असता. भाऊ आहे माहा.”

दादा, हे तू बोललास? खरंच बोललास?

मला वाटत होतं, तुला माझं तोंड वाचता येत नाही. तू वाचलं होतंस. टपरीवर मी पाठदुखीची सबब सांगायचो तेव्हाही वाचत असशील. आणि तरी विचारलं नाहीस! एकदा का नाही विचारलंस? यार्डाच्या फाटकाशी मला बाजूला घेऊन एकदा म्हणाला असतास, ‘सांग बे, काय पाह्यलं?’ तर मी सांगितलं असतं. सांगितलं असतं ना? की तेव्हाही म्हणालो असतो, काही नाही, घे? याचं उत्तर मला माहीत नाही. ते तुझ्याबरोबर गेलं.

वहिनी रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं वह्यांचा ढीग सरळ केला आणि म्हणाली, “आता जा भाऊजी. मी बोलावीन तवाच या.”

मी चप्पल घालत होतो तेव्हा मागून म्हणाली, “मृणालले मी नाही सांगणार. तिचा बाप होता. तिले तुम्ही सांगा.”

तुझी मृणाल पुढच्या महिन्यात पुण्याहून सुट्टीला येते आहे. तिला अजून वाटतं, बाबांनी वेग आवरला नाही. तीन वर्षं ती तुझ्यावर रागावून आहे, दादा. मागच्या वर्षी तुझ्या फोटोला हार घालताना म्हणाली, “इतकी काय घाई होती बाबांना?” मी शेजारी उभा होतो.

तो राग तुझ्यावरून काढून मी माझ्यावर घेणार आहे. त्यानंतर ती मला काका म्हणेल की नाही, ते तिनं ठरवावं. पण वचन देतो तुला, तिच्यासमोर बसेन, पहिल्या दिवसापासून सांगेन, आणि ‘मला नक्की माहीत नव्हतं’ हे वाक्य वापरणार नाही. माझ्या तोंडाकडे पाहून तिला काही ओळखावं लागणार नाही. मी बोलेन.

तुझा,
दिल्या